माझ्या नांवावरची बाटली

नियमांचीं पत्रकें वाचण्याची मला जुनी खोड आहे. आगगाडीच्या तिकिटामागचा बारीक मजकूर, औषधाच्या खोक्यांतली घडी केलेली चिठ्ठी, बँकेच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावरील सूचना, हें सर्व मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतों, आणि घरांतलीं माणसें त्याबद्दल माझी यथेच्छ थट्टा करतात. मागें मुलाकडे अमेरिकेस गेलों असतां त्यानें आम्हां उभयतांना पांच रात्रींच्या समुद्रसहलीस नेण्याचें ठरविलें. हल्लीं सर्वत्र जिला ‘क्रूझ’ म्हणतात तीच ही सहल. तिकिटांबरोबर नियमांचें जें लांबलचक पत्रक आलें तें अर्थातच माझ्या वाट्याला आलें, आणि तें वाचून मी चकित झालों. बोटीवर संकट आल्यास काय करावें यास पत्रकांत जेवढी जागा दिली होती त्याच्या दुप्पट जागा एका निराळ्याच प्रश्नानें अडविली होती. उतारूनें बोटीवर येतांना आपली दारू बरोबर आणावी कीं नाहीं, आणल्यास कोणती, किती, कशांत आणि कोणत्या पिशवींतून, हा तो प्रश्न!

नियम मोठा रेखीव होता. २१ वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक उतारूस ७५० मिलिलिटरची एक बाटली आणतां येईल. ती वाईनची किंवा शँपेनचीच असावी. तिचें सील फोडलेलें नसावें. ती पहिल्याच दिवशीं, मोठ्या सामानांतून न पाठवितां, हातांतल्या पिशवींतून आणावी. व्हिस्की, रम, व्होडका, बिअर यांना साफ मज्जाव. वाटेंतल्या बंदरावर उतरून कोणीं बाटली विकत घेतलीच तर ती बोटीवर परत चढतांना जमा करावी. बोटीवरच्याच दुकानांतून घेतली तरीहि ती हातांत मिळावयाची ती प्रवास संपतांना. स्वतःची बाटली आपल्या खोलींत बसून उघडली तर पैसे पडत नाहींत. पण भोजनगृहांत नेऊन उघडली तर बूच काढण्याचे १५ डॉलर द्यावे लागतात. त्याच यादींत पुढें, घरीं केलेले खाद्यपदार्थ व घरगुती पेयें आणूं नयेत, असेंहि एक वाक्य होतें. मीं तें वाक्य मोठ्यानें वाचून दाखविलें. पण आमच्या घरांत माझें मोठ्यानें वाचणें ऐकण्याची पद्धत नाहीं.

प्रथमदर्शनीं मला कंपनीच्या चालकांबद्दल आदर वाटला. भर समुद्रांत माणसांनीं बेताल होऊं नये, पिऊन कोणी कठड्यावरून खालीं पडूं नये, अशा काळजीनेंच हें सर्व लिहिलें असावें, असें मी मुलास म्हणालों. तो हंसला. “बाबा, हें नीतीचें पत्रक नाहीं, दुकानाचें आहे. बोटीवर त्यांचींच दहा-पंधरा मद्यगृहें आहेत. प्रत्येकजण आपली बाटली घेऊन आला तर त्यांनीं विकायची कोणाला?” एवढें ऐकल्यावर माझ्या डोक्यांत लख्ख उजेड पडला. आमच्याकडे मंगल कार्यालयाचा मालक बाहेरचा आचारी आंत येऊं देत नाहीं, तो काय त्या आचाऱ्याच्या हाताला चव नसते म्हणून?

मग मुलानें मला या धंद्याचें गणित समजावून दिलें. तिकिटाच्या भाड्यांत खोली, जेवण आणि करमणूक हीं येतात. मद्य, जुगार आणि बंदरांवरच्या सहली यांचे पैसे निराळे. अशा बोटी चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक हिशेबांत एकूण उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिकिटांखेरीज होणाऱ्या या वरखर्चांतून आलेला असतो. यासाठीं एक युक्ति अशी कीं रोज ठराविक रक्कम भरली म्हणजे हवें तेवढें प्यावें; मात्र कांहीं कंपन्यांत ‘हवें तेवढें’ याचा अर्थ चोवीस तासांत १५ पेले असा आहे, आणि खोलींतल्या एका प्रौढ माणसानें ही सोय घेतली तर दुसऱ्यानेंहि ती घेतलीच पाहिजे, कारण एकाच्या पैशांत दोघे प्याले तर पुढें धंदा कसा चालावा? उलट उतारूंच्याहि युक्त्या आहेत. पाण्याच्या बाटल्यांतून लोक मद्य चोरून आणतात असें आढळल्यावरून कार्निव्हल कंपनीनें २०१५ सालीं बाटलींतलें साधें पाणी आणण्यासहि बंदी केली. एका माणसाच्या लबाडीमुळें शंभर माणसांचें पाणी तुटतें, हा अनुभव आपल्याकडच्या वाड्यांतूनहि अपरिचित नाहीं.

हें सर्व सांगतां सांगतां मुलगा सहज म्हणाला, “पांच रात्री आहेत. माझी एक आणि हिची एक, अशा दोन बाटल्या होतात. तिसरी तुमच्या नांवावर आणली तर चालेल का? तुम्ही फक्त पिशवींत घालून चढायचें.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललों तें त्याचें त्यालाच कळलें असावें, कारण तो एकदम थांबला आणि उगाच कागद नीट लावूं लागला. मुलगा चाळिशी ओलांडलेला. परदेशांत त्याला पंधरा वर्षें झालीं. तो आणि सूनबाई जेवतांना वाईन घेतात हें मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतें, असें लिहिलें तर तें अर्धेंच खरें होईल. मीं कधीं विचारलें नव्हतें, आणि त्यानें कधीं सांगितलें नव्हतें. जें पाहावयाचें नाहीं तें दिसूंच नये, अशी एक दृष्टि आम्हां घरंदाज म्हणविणाऱ्या लोकांना जन्मतःच मिळालेली असते. मी “पाहूं” म्हणालों आणि वर्तमानपत्र उघडलें. त्यानंतर दोन दिवस मीं त्याच्याशीं हवापाण्याखेरीज दुसरा विषय काढला नाहीं.

या दोन दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर जी बाटली उभी होती ती वाईनची नव्हती. ती द्राक्षासवाची होती.

आमचें घर पुण्यांतलें, सदाशिव पेठेंतलें, तीन भावांचा संसार एका चुलीवर चालविणारें. आजोबांना आम्ही आबा म्हणत असूं. माझे धाकटे काका सरकारी कचेरींत नोकरीस होते. त्यांचा गळा गोड. गणपतींत ते नाट्यगीतें म्हणूं लागले म्हणजे रस्त्यांतलीं माणसें ओट्यावर येऊन बसत. तो काळ दारूबंदीचा होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मद्य तयार करणें, विकणें, जवळ बाळगणें आणि पिणें हे सारेच गुन्हे ठरले होते. परंतु त्या कायद्यालाहि दारें होतीं. प्रकृतीसाठीं मद्य आवश्यक आहे असा डॉक्टरांचा दाखला असेल तर सरकारी परवाना मिळूं शके. शिवाय १९५१ सालीं बालसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवतांना, मद्यार्क असलेलीं औषधें आणि अत्तरासारखीं प्रसाधनें यांच्यावरील बंदी मात्र अवाजवी म्हणून रद्द केली. ‘औषध’ या शब्दाला असें त्या काळांत मोठें अभय होतें, आणि आमच्या घरानें तें आपल्या सोयीनें वापरलें.

माजघराच्या फडताळांत द्राक्षासवाची एक बाटली असे. द्राक्षासव हें जात्याच थोडें मद्यार्कयुक्त असें आयुर्वेदीय औषध. तें कोणाच्या घरांत नव्हतें? पण त्या विशिष्ट बाटलींतलें द्राक्षासव कधीं संपत नसे, त्याला निराळाच उग्र वास येई, आणि काकांखेरीज ती बाटली कोणी उघडीत नसे. रात्रीं पानें मांडण्यापूर्वीं काका फडताळाशीं जात, आणि आजी कोणाकडेहि न पाहतां म्हणे, “औषध घेतोय तो.” मी अकरा वर्षांचा असतांना एकदां काकांनीं मला ती बाटली माडीवर आणावयास सांगितली. जिन्यांत आबा भेटले. “काय आहे रे हातांत?” त्यांनीं विचारलें. त्यांना वास आला होता, हें मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें. मी म्हणालों, “काकांचें औषध.” आबांनीं माझ्या डोक्यावरून हात फिरविला आणि ते खालीं निघून गेले. खोटें बोलल्याबद्दल मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

परवान्याची गोष्ट काकांनीं एकदां स्वतः काढली होती, असें मीं पुढें आईकडून ऐकलें. परवाना म्हणजे ठराविक प्रमाण, डॉक्टरांची नजर आणि उघड व्यवहार. आबांनीं एका वाक्यांत तो विषय संपविला : “या घराचें नांव त्या वहींत लागतां कामा नये.” घराचें नांव वहींत लागलें नाहीं. फडताळांतली बाटली मात्र भरत राहिली. ती कोठून भरून येते आणि तींत काय भरलेलें असतें हें कोणीं विचारलें नाहीं.

१९६६ च्या पावसाळ्यांत काकांना कावीळ झाली आणि पोटांत पाणी धरलें. डॉक्टर तरुण होते. त्यांनीं अगदीं सरळ विचारलें, “हे किती वर्षें घेत होते?” खोलींत आबा, माझे वडील, आई, काकू, इतकीं माणसें उभीं होतीं. आबा म्हणाले, “आमच्या घरांत असलें कांहीं नाहीं.” डॉक्टरांनीं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलें. सर्वांनीं माना खालीं घातल्या. दाराशीं मीहि होतों. मीहि घातली. तिसऱ्या आठवड्यांत काका गेले. वय ४२. खरें उत्तर मिळालें असतें तर काका वांचले असते, असें मी म्हणत नाहीं. तोंपर्यंत बहुधा फार उशीर झाला होता. पण ज्या माणसाच्या गाण्यासाठीं आम्ही रात्र रात्र जागत होतों, त्याच्या दुखण्याविषयीं एक खरा शब्द आम्हां इतक्या जणांत कोणाच्याहि तोंडून निघाला नाहीं, हें मला पुढें जन्मभर सलत राहिलें. मीं स्वतः मद्याचा थेंब कधीं तोंडांत घातला नाहीं, आणि त्याबद्दल माझी स्तुतीहि पुष्कळ झाली. मात्र तें माझें व्रत होतें कीं भीति होती, हें मला आजहि नीट सांगतां येणार नाहीं.

दुसऱ्या रात्रीं झोंप येईना म्हणून मी उठून बसलों. सौभाग्यवतींनीं अंधारांतच विचारलें, “अजून त्या बाटलीचेंच चाललें आहे ना मनांत?” मी गप्प. ती म्हणाली, “अहो, त्यानें तुम्हांला विचारलें तरी. तुमच्या घरांत यापूर्वीं कोणीं कोणाला विचारलें होतें का?” आमच्या लग्नाला आतां पुष्कळ वर्षें झालीं, इतक्या वर्षांत हा विषय तिनें कधीं काढला नव्हता. सकाळीं मीं मुलाला सांगितलें कीं ती तिसरी बाटली माझ्या पिशवींत दे.

मायामी बंदरावर विमानतळाप्रमाणेंच क्ष-किरणांच्या यंत्रांतून हातांतलें सामान जातें. पडद्यावर माझा चष्मा, विष्णुसहस्रनामाचें लहान पुस्तक, रक्तदाबाच्या गोळ्या आणि या सर्वांच्या मधोमध ती बाटली, अशी मंडळी शेजारीं शेजारीं झोंपलेली दिसली. तपासनीस बाईनें बाटली काढून तिचें सील पाहिलें, माझें वय विचारण्याची तिला गरज वाटली नाहीं, आणि हंसून बाटली परत माझ्या हातांत ठेवली. पायांखालची जमीन हलली नाहीं. आकाशांतून आबाहि बोलले नाहींत.

संकट आलें तें दुसऱ्याच बाजूनें. संध्याकाळ झाली तरी सौभाग्यवतींची मोठी पेटी खोलीवर येईना. चौकशी केली तेव्हां कळलें कीं पेटींत आक्षेपार्ह द्रव पदार्थ आढळल्यामुळें ती खालच्या मजल्यावर अडकवून ठेवली आहे, आणि मालकानें समक्ष येऊन ती उघडावी. मुलगा म्हणाला कीं या जागेला उतारू लोक ‘खोडकरांची खोली’ म्हणतात. सत्तरी ओलांडल्यावर माझ्यावर ती पायरी चढण्याची, किंबहुना उतरण्याची, वेळ आली.

खोलींत बाकावर पांचसहा खोडकर आमच्या आधींच बसले होते. फुलाफुलांचा सदरा घातलेल्या एका धिप्पाड गृहस्थासमोर चूळ भरण्याच्या औषधाची भली मोठी हिरवी बाटली उभी होती. अंमलदारानें ती उघडून नाकाशीं नेली. व्होडकांत खाण्याचा हिरवा रंग मिसळून ती अशा बाटलींत भरण्याची युक्ति इतकी जुनी झाली आहे, कीं आतां ती बहुधा फक्त करणाऱ्यालाच गुप्त वाटते. “दांतांसाठीं आहे,” गृहस्थ म्हणाले, आणि त्यांच्यासकट सर्व खोली हंसली. मलाहि हंसूं आलें. पण तें अर्ध्यावरच थांबलें. बाटली हिरवी होती, चिठ्ठी निराळी होती, समुद्र निराळा होता. पण फडताळ तेंच होतें. आबांचा नियम नीतीसाठीं होता, या कंपनीचा गल्ल्यासाठीं. आणि दोघांच्याहि पोटीं हीच एक बाटली जन्माला आली होती.

आमची पाळी आली. पेटींतून निघाली ती सरबताच्या जुन्या बाटलींत भरलेल्या कोकमच्या आगळाची बाटली. आमच्या मंडळींचें माहेर रत्नागिरीचें; आगळ बरोबर घेतल्याशिवाय तिचा कोणताहि प्रवास आजवर झालेला नाहीं. लहानपणीं ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोंकणच्या बोटींत बसे तेव्हांहि फराळाच्या डब्याबरोबर हें असेच, आणि त्या बोटींवर कोणी अडवीत नसे. त्या तांबड्याभडक द्रवाकडे पाहून अंमलदारानें भुवया उंचावल्या. सौभाग्यवती घाईघाईनें इंग्रजींत म्हणाल्या, “मेडिसिन. फॉर पित्त.”

मला जिन्यांतला मी दिसलों. ती बिचारी निष्पाप होती. पित्तावर आगळ घेतातच, तेव्हां तिचें बोलणें खोटेंहि नव्हतें. पण माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले, “नाहीं. औषध नाहीं. घरीं केलेलें पेय आहे. तुमच्या नियमांत बसत नाहीं, हें मीं वाचलें होतें.” अंमलदारानें बूच काढून वास घेतला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “आगळ न्हय हें?” तो म्हणाला. तो गोव्याचा होता. गोव्याचे कितीतरी तरुण अशा बोटींवर नोकरी करतात. पण त्या खोलींत त्यांच्यापैकीं एकजण भेटेल अशी आमची कल्पना नव्हती. तो सौभाग्यवतींशीं सोलकढीबद्दल दोन मिनिटें बोलला, त्यांना ‘मावशी’ म्हणाला, आणि मग तितक्याच नम्रपणें त्यानें बाटलीला आमच्या खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून ती मागच्या फळीवर, जप्त केलेल्या रमच्या आणि व्हिस्कीच्या शेजारीं, ठेवून दिली. “उतरतांना न्या,” तो म्हणाला, “नियम आहे.”

परत येतांना सौभाग्यवती रुसल्या होत्या. त्यांचें सांत्वन करण्यासाठीं मीं त्यांना जयपूरच्या सवाई माधोसिंह महाराजांची गोष्ट सांगितली. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं ते विलायतेस निघाले तेव्हां समुद्रपर्यटनानें धर्म बुडूं नये म्हणून त्यांनीं ‘ऑलिंपिया’ नांवाची आखी बोट भाड्यानें घेतली आणि रुप्याच्या प्रचंड घटांतून आपलें गंगाजल बरोबर नेलें. प्रत्येक घट ३४५ किलो वजनाचा आणि सुमारें ४,००० लिटर पाणी मावेल एवढा. त्यांतले दोन जयपूरच्या राजवाड्यांत आजहि पाहावयास मिळतात. आपलें पेय आपण घेऊन बोटीवर चढण्याचा याहून मोठा थाट कोणीं केला असेल असें मला वाटत नाहीं. “त्यांना कोणीं अडवलें नाहीं तें!” सौभाग्यवती म्हणाल्या. मी म्हणालों, “बोटच त्यांची होती.” ज्याची बोट त्याचा नियम, एवढें तात्पर्य त्यांना पटलें, राग मात्र गेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दिवसभर चहूंकडे पाणीच पाणी होतें. रात्रीं भोजनगृहांत मुलगा आपली बाटली घेऊन आला. खोलींत बसून ती फुकट उघडतां आली असती. १५ डॉलर देऊन ती माझ्यासमोर उघडण्यांत त्याचा काय हेतु होता तें मला समजलें, आणि मला समजलें आहे हें त्यालाहि समजलें. वाढप्यानें दोन पेले भरले. मुलाचा हात पेल्यापर्यंत जाऊन अडखळला. तेव्हां सूनबाई एकदम म्हणाली, “बाबा, एक सांगूं? तुम्ही दोघे आलांत कीं आम्ही घरांतल्या बाटल्या खोक्यांत भरून गॅरेजमध्यें नेऊन ठेवतों. दर वेळीं.” नऊ वर्षांचा नातू मान डोलावून म्हणाला, “खोकें धरायला मी मदत करतों.”

त्या पोराच्या तोंडचें तें वाक्य ऐकून माझ्या अंगावर कांटा आला. आमच्या वाड्यांतलें फडताळ मीं पुण्यांतच सोडलें होतें, अशी माझी समजूत होती. तें माझ्याआधींच समुद्र ओलांडून येऊन पोंचलें होतें, आणि अकरा वर्षांच्या पोराच्या जागीं आतां नऊ वर्षांचा पोर उभा होता.

मला बोलावयाचें होतें, पण सुरुवात करणें जड जात होतें, म्हणून मीं इतिहासाचा आश्रय घेतला. याच अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळांत न्यूयॉर्कहून बोटी निघत, देशाच्या हद्दीबाहेर जाऊन नुसत्या फिरत, आणि परत येत. उतारूंना कोणत्याहि बंदरास जावयाचें नसे, फक्त पेल्यापर्यंत पोंचावयाचें असे. १९२३ सालीं क्युनार्ड कंपनीच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आंत परदेशी बोटीवरहि दारू असतां कामा नये, मग ती सीलबंद कां असेना. मोठा पेंच पडला. अखेर १९२४ सालीं ब्रिटनशीं तह झाला. सील लावून, यादींत दाखवून आणलेल्या दारूस बंदरांत मोकळीक. आणि त्याच्या बदल्यांत चोरून माल आणणाऱ्या ब्रिटिश बोटींची, त्या किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर असतांनाहि, झडती घेण्याचा अमेरिकेला हक्क. “म्हणजे,” मी म्हणालों, “जी दाखविली ती बाटली निराळी आणि जी लपविली ती निराळी, हें दोन सरकारांनासुद्धां कबूल करावें लागलें.” एवढें बोलून मी थांबलों, आणि मग त्यांना धाकट्या काकांची गोष्ट सांगितली. द्राक्षासवापासून डॉक्टरांच्या प्रश्नापर्यंत सगळी. माझी खालीं घातलेली मानहि वगळली नाहीं.

मुलानें काका पाहिलेले नाहींत. त्याला एवढेंच ठाऊक होतें कीं ते कावीळ होऊन गेले. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर मीं त्याला डॉक्टरांचाच प्रश्न विचारला, “तूं किती घेतोस?” तो म्हणाला, “आठवड्यांतून दोनदां, जेवतांना, एखादा पेला. कधीं वाढलें तर सांगेन.” त्यावर मीं उपदेश केला नाहीं. उपदेशाला माझ्याजवळ पुष्कळ सामग्री होती, आणि मद्याविषयींचें माझें मत त्या रात्रींहि बदललें नव्हतें. आजहि बदललेलें नाहीं. पण उपदेश केला असता तर पुढच्या खेपेस खोकें पुन्हां गॅरेजमध्यें गेलें असतें. मी एवढेंच म्हणालों, कीं नातवाच्या हातीं तें खोकें पुन्हां देऊं नका. सूनबाईनें डोळे पुसले आणि वाढप्याकडून माझ्यासाठीं लिंबाचें सरबत मागविलें.

पुढचे दिवस आनंदांत गेले. कोझुमेल बंदरावरून परततांना बोटीच्या तोंडाशीं लोक टकिलाच्या बाटल्या जमा करून पावत्या घेत होते, त्या रांगेकडे मी आतां जाणत्याच्या नजरेनें पाहत होतों.

शेवटच्या दिवशीं सकाळीं आपापल्या बाटल्या परत घेणाऱ्यांच्या रांगेंत मी आणि मुलगा उभे राहिलों. पुढें टकिला, मागें रम, आणि चूळ भरण्याच्या औषधाचे मालक आमच्यापासून चौथे. त्यांनीं मला ओळखून मान लवविली, मीहि लवविली. आमची पाळी आल्यावर चिठ्ठी पाहून आगळाची बाटली आमच्या स्वाधीन करण्यांत आली. माझ्या नांवावर आणलेली वाईनची तिसरी बाटली पांच रात्रींत उघडलीच गेली नव्हती. दोन्ही बाटल्या माझ्याच पिशवींतून मुलाच्या घरीं आल्या.

घरीं पोंचल्यावर सौभाग्यवतींनीं आगळ स्वयंपाकघरांतल्या फळीवर ठेवलें. मुलगा वाईनची बाटली हातांत घेऊन क्षणभर उभा राहिला, आणि संवयीनें गॅरेजच्या दाराकडे वळला. मग तोच परत फिरला, आणि ती बाटली त्यानें आगळाच्या शेजारीं, चिठ्ठी पुढें येईल अशी, ठेवून दिली.